डावी कूस

करगणीच्या शाळेत रेंज फक्त तिसऱ्या खिडकीत येते.
तिथं खिळ्याला टांगलेला माझा मोबाईल,
मोबाईलवरून टॅबला, टॅबवरून प्रोजेक्टरला,
आणि शेवटी चुना दिलेल्या भिंतीला.
भिंतीचा एक पोपडा निघालाय,
तो रोज कुणाच्या तरी पोटात येतो :
काल बेडकाच्या, आज मेंढीच्या.

बेडूक पोरांना आवडला.
बोट ओढलं की कातडी उघडते,
मागचा बाण दाबला की टाक्याशिवाय मिटते.
मी सांगलीत शिकले तेव्हा असा बाण नव्हता.
मेणाच्या ट्रेमध्ये चार टाचण्या, फॉर्मॅलिन,
आणि तीन वेळा हात धुऊनही
डब्यातल्या भाकरीला येणारा तो वास.
हे कुणाला सांगितलं नाही.
परीक्षेला नव्हतं.

आजचा धडा, रवंथ करणारे प्राणी.
मधे रिकामं मेंढरू, कडेला चार रंगीत कप्पे,
ओढून जागच्या जागी बसवायचे.
आतून एक बाई बोलते,
रोमंथिका, जालिका,
प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं.
तौफिक मुलाणी म्हणाला,
"जालिका म्हंजी वजडी की बाई,
आमच्या दुकानात किलोवर असती."
वर्ग हसला. मीही.

मग मायाक्का कोळेकर उठली.
सगळ्यात मोठा कप्पा तिनं बोटानं धरला,
मेंढरापर्यंत नेला, आणि तिथंच घुटमळली.
सोडला. टुंग.
चूक. पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा टुंग.
तिसऱ्या वेळी तिनं तो मेंढराच्या पलीकडं न्यायला बघितलं,
जिथं भिंतच होती.

"बाई, हे आपल्याकडं उजवी कूस करून हुबं हाय.
कोथळा डाव्या अंगाला असतोय.
हितनं दिसंलच कसा?"

मी पुस्तक काढलं.
पुस्तकातलं मेंढरूही त्याच तोंडाचं.
भिंतीवर गुण आले : शून्य.
त्याच्याखाली एक रडका पिवळा चेहरा.

शाळा सुटल्यावर गेले तिच्या मेंढरांत.
साडीला कुसळं, चपलेत लेंडी.
तिनं एक म्हातारी मेंढी गुडघ्यांत धरली,
"हात ठिवा. हितं. दाबू नगा. थांबा आता."
थांबले.
लोकरीखाली काहीतरी सावकाश फुगत वर आलं,
तळहाताला टेकलं,
आणि ओसरलं.
मिनिटाला एकदा, कधी दोनदा.
अकरा वर्षं हाच आकडा मी फळ्यावर लिहीत होते.

वाटलं, झालं, आता ही भिंत पुसून टाकावी.
पण दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर
मायाक्का दप्तर घेऊन तशीच उभी.
"बाई, पोटातलं कोकरू दावतंय का ह्यो?"

दाखवलं. काचेसारखी मेंढी,
आत घडी घालून ठेवलेला जीव.
ती बोलली नाही बराच वेळ.
मग म्हणाली, गेल्या थंडीत एक अडली हुती.
बापाचा हात मोठा, म्हणून हिचा घातला, कोपरापर्यंत.
बाप दातांत बॅटरी धरून.
पण बॅटरीचा उजेड आत कुठला जातोय?
सगळं बोटांनीच वाचायचं,
हे नाक, हा खूर, ही नाळ.

"आत असं हुतं व्हय," ती म्हणाली,
आणि बोटानं कोकरू फिरवलं,
एकदा इकडून, एकदा पाठीकडून.
बोट थांबलं पुढच्या पायाशी.
"ह्याचा पाय मागं ऱ्हायलाय."

तिनं पाय पुढं ओढला.
सगळं कोकरूच फिरलं.
पुन्हा ओढला, हलक्या हातानं, नखाच्या बाजूनं.
पुन्हा फिरलं.
तेवढ्यात खिडकीतली रेंज गेली,
पोपड्यावर गोल चक्र गरगरू लागलं.
मी म्हटलं, चल आता, उद्या बघू.

ती म्हणाली, थांबा वाईच,
आणि बोट काढलं नाही.